विमानकार विल्बर राइट

प्रतिवर्षी आपल्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. आजवर ही चरित्रे संतांची, समाजसुधारकांची आणि आपल्या समाजास भूषण ठरलेल्या कारागिरांची असत. यंदा आम्ही जे चरित्र वाचकांच्या हाती देत आहोत ते आपल्या समाजातील पुरुषाचे नाही, आपल्या देशातीलही नाही. काही समाजबांधव यामुळे रुष्ट होतील, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनी राग क्षणभर बाजूस ठेवून हे वाचावे अशी विनंती आहे. ज्याच्या आईचा बाप गाडीची चाके घडवून पोट भरीत होता, ज्याने शाळेचे अखेरचे प्रमाणपत्र कधी घेतले नाही, आणि ज्याने लाकडाची फासळी वाकवून मनुष्याला आकाशात नेले, तो पुरुष आपल्याला परका कसा म्हणावा, हे आम्हांस उमगत नाही.

हे चरित्र निवडण्यामागे आणखीही एक कारण आहे, आणि ते सांगून टाकणे बरे. वाटूर आणि आसपासच्या गावांत आपल्या समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या तिफण, वखर आणि बैलगाडी यांवर उभी होती. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि धाव यांचे गणित आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होते. पुढे रबरी टायरांच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, लोखंडी औते आली. वाकस आणि पटाशी माळ्यावर गेली आणि मुले जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत गेली. त्यात आम्हांस दोष दिसत नाही. परंतु गेल्या वर्षीच्या आमच्या बैठकीत एका तरुणाने उभे राहून विचारले, की लाकूडकामात बुद्धीचे असे काय आहे, ज्याचा आपण अभिमान धरावा? त्या वेळी आम्हांपैकी कोणालाही नीट उत्तर देता आले नाही. कोणी विश्वकर्म्याचे नाव घेतले, कोणी पुष्पक विमानाचे. तरुण गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे त्याच्या मुद्रेवरून दिसत होते. आमचे उत्तर थोडे उशिरा येत आहे.

विल्बर राइट याचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना प्रांतात मिलव्हिल गावाजवळ झाला. त्याचे वडील मिल्टन राइट हे एका ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक असून पुढे त्या पंथाचे बिशप झाले. घरात पुस्तके भरपूर आणि पैसा बेताचा. पण विल्बरच्या हातांत जे कसब उतरले ते पित्याकडून नव्हे. त्याची आई सुसान ही जर्मनीतून आलेल्या एका चाके व गाड्या घडविणाऱ्या कारागिराची मुलगी. बापाच्या कामठ्यात खेळता-खेळता तिने हत्यारे धरावयास शिकून घेतले होते. घरातील मोडलेली वस्तू ती दुरुस्त करी, मुलांना खेळणी करून देई आणि मुले काही करू लागली तर शेजारी बसून ते कसे करावे हे सांगे. बिशपसाहेबांना म्हणे खिळाही धड ठोकता येत नसे! चरित्रकार या मातेचा उल्लेख चार ओळींत आटोपतात. आम्हांस मात्र वाटते, की विमानाची पहिली धुळाक्षरे तिनेच गिरवून घेतली.

विल्बरहून चार वर्षांनी धाकटा ऑर्व्हिल हा त्याचा भाऊ १९ ऑगस्ट १८७१ रोजी ओहायो प्रांतातील डेटन शहरी जन्मला. पुढील सर्व कार्य या दोघांचे मिळून आहे. या लेखात आम्ही थोरल्याकडे अधिक पाहणार आहोत, कारण उड्डाणाचा ध्यास प्रथम त्याला लागला.

विल्बर शाळेत हुशार होता. येल येथील नामांकित विद्यापीठात जावे असे घरात बोलले जात होते. पण १८८४ मध्ये शालान्त प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वीच कुटुंब डेटनला राहावयास गेले आणि ते प्रमाणपत्र तसेच राहिले. त्यानंतर थोड्याच काळाने बर्फावरील खेळात एका खेळाडूची काठी त्याच्या तोंडावर बसली, पुढचे दात पडले. जखम भरली, पण मन खचले आणि छातीत धडधड सुरू झाली. विद्यापीठाचा विचार मागे पडला. त्याच सुमारास आईला क्षयाने गाठले होते. दोन-तीन वर्षे हा तरुण घराबाहेर फारसा पडलाच नाही. आईला उचलून वरच्या मजल्यावरून खाली आणावयाचे, तिची शुश्रूषा करावयाची आणि उरलेल्या वेळी वडिलांच्या पुस्तकांत डोके घालावयाचे, हा त्याचा दिनक्रम झाला. ४ जुलै १८८९ रोजी सुसान राइट वारल्या. बाहेरच्यांना हा मुलगा वाया गेला असे वाटत असावे. आपल्याकडेही घरी बसलेल्या मुलाबद्दल लोक काय बोलतात, ते सांगावयास नको.

पुढे दोघा भावांनी छापखाना काढला, एक छोटे वर्तमानपत्र चालविले आणि १८९२ मध्ये सायकलींचे दुकान थाटले. सायकलीचे वेड तेव्हा त्या देशात नवे होते. १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली घडवू लागले. याच वर्षी ऑर्व्हिल विषमज्वराने मरणाच्या दारी जाऊन परत आला आणि याच वर्षी जर्मनीत ऑटो लिलिएंथाल हा धाडसी पुरुष स्वतः बनविलेल्या पंखांवरून कोसळून १० ऑगस्ट रोजी मरण पावला. विलोच्या काटक्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून त्याने पंख केले होते आणि टेकडीवरून त्याने अशी जवळजवळ दोन हजार उड्डाणे केली होती. त्याच्या मृत्यूच्या वार्तेने विल्बरच्या मनात लहानपणचे कुतूहल पुन्हा जागे झाले. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस पत्र पाठवून उड्डाणावरील उपलब्ध लेखन मागविले. तेव्हा त्याचे वय बत्तीस वर्षांचे होते.

येथे वाचकांस पंखाची रचना थोडी सांगितली पाहिजे, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. विमानाच्या पंखात दोन लांब वासे डावीकडून उजवीकडे जातात. या वाशांवर, पुढून मागे, थोड्या-थोड्या अंतरावर ज्या बारीक आणि बाकदार पट्ट्या बसवितात त्यांना फासळ्या म्हणावयाचे. कापड या फासळ्यांवर ताणले जाते. वासे भार पेलतात, पण पंखाला आकार देतात त्या फासळ्याच. हवेचा लोट पंखावरून जाताना वर कमी आणि खाली अधिक दाब पडतो आणि पंख उचलला जातो. तो किती उचलला जाईल हे फासळीच्या बाकावर अवलंबून असते. पंखाची रुंदी बारा बोटे धरली आणि फासळीची कमान मध्ये एक बोट उंच असली, तर तो बाक बारास एक. लिलिएंथालने जवळजवळ असाच बाक घेतला होता. एक बोट आणि अर्धे बोट यांतील फरक पाहणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. हवेला मात्र तो कळतो.

१९०० च्या सप्टेंबरात विल्बर पहिला मोठा सांगाडा घेऊन अटलांटिक किनाऱ्यावरील किटी हॉक या वाळूच्या निर्जन गावी निघाला. फासळ्या अॅश नावाच्या चिवट लाकडाच्या, वाफेवर वाकवून, त्याने डेटनमध्येच तयार केल्या होत्या. वाशांसाठी स्प्रूसची अठरा फुटी लाकडे वाटेत मिळतील असा त्याचा हिशेब होता. नॉरफोक बंदराच्या लाकूडवखारी त्याने पालथ्या घातल्या, परंतु अठरा फूट स्प्रूस मिळेना. शेवटी पांढऱ्या पाइनची सोळा फुटी लाकडे घेऊन तो पुढे गेला आणि यंत्राची लांबी त्यानुसार आखूड केली. ज्याने कधी लाकडासाठी वखारीत हेलपाटे घातले आहेत त्याला हा प्रसंग अगदी घरचा वाटेल. योजना कागदावर कितीही उत्तम असो, वखारीत जे आहे त्यावर घर बेततात. पुढील प्रवास एका गळक्या शिडाच्या होडीतून वादळात झाला. होडीवरील अन्नाची किळस येऊन दोन दिवस त्याने बहिणीने पिशवीत घातलेल्या मुरंब्यावर काढले. किटी हॉकला पोस्टमास्तर टेट यांच्या घरी त्याने मुक्काम केला आणि त्यांच्या पत्नीच्या शिवणयंत्रावर स्वतः बसून पंखाचे कापड नव्या मापात शिवून घेतले.

त्या वर्षी यंत्राने अपेक्षेहून फारच कमी भार उचलला. विल्बर स्वतः हवेत किती काळ राहिला? सर्व मिळून सुमारे दोन मिनिटे. तरीही तो उत्साहाने घरी परतला. यंत्र ताब्यात राहते, एवढे त्याला कळले होते. सायकलवाल्याला तोल सांभाळणे म्हणजे काय ते ठाऊक असते. पक्षी पंखांची टोके पिळून तोल सावरतो हे ओळखून विल्बरने दोरांनी पंख पिळण्याची योजना केली होती, आणि ती युक्ती बरोबर निघाली होती.

१९०१ साली त्यांनी पंख बरेच मोठे केले आणि फासळीचा बाकही वाढवून लिलिएंथालप्रमाणे बारास एक केला. नामांकित पुरुषाच्या कोष्टकानुसार सर्व केले असता यंत्राने उत्तम उडावयास हवे होते. ते झाले उलट! यंत्र नाक खाली घाली किंवा एकाएकी वर उसळे. दोघा भावांनी तेथेच, वाळूत, पंख खोलून फासळ्या मधोमध दाबून बांधल्या आणि बाक एकोणीसास एकाच्या आसपास आणला. यंत्र वठणीवर आले, परंतु भार कोष्टकाच्या एक-तृतीयांशच उचलला जाई. ऑगस्टमध्ये परतीच्या आगगाडीत विल्बर इतका निराश होता, की आपल्या हयातीत मनुष्य उडणार नाही असे तो भावाला म्हणाल्याचे सांगतात.

विल्बरच्या आयुष्यातील खरा पराक्रम आम्हांस वाटतो तो याच्या पुढचा. किटी हॉकचे उड्डाण सर्वांना ठाऊक आहे. १९०१ चा हिवाळा फारसा कोणी सांगत नाही.

चूक फासळीत आहे, की आपल्या हातांत, की थोरामोठ्यांच्या कोष्टकात? हा प्रश्न बहुतेक माणसे विचारीत नाहीत. एकतर ती आपल्या हाताला दोष देऊन थांबतात, नाहीतर मोठ्यांना शिव्या देतात. भावांनी दोन्ही केले नाही. सायकलदुकानाच्या मागील खोलीत त्यांनी सहा फूट लांब आणि सोळा इंच चौरस अशी एक लाकडी पेटी केली आणि तिच्या तोंडाशी पंखा बसविला. आत वारा वाहू लागला. जुन्या करवतीची पाती आणि सायकलीच्या आऱ्यांची तार घेऊन त्यांनी दोन नाजूक तराजू बनविले. पत्र्याचे लहान-लहान पंख, कोणाचा बाक अधिक, कोणाचा कमी, कोणाची कमान पुढे, कोणाची मधोमध, कोणी लांबट, कोणी रुंद, असे दोनशेच्या वर प्रकार त्यांनी या तराजूवर तोलले. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत हे काम चालले. दुकानातील सायकलींची विक्री अर्थातच त्यांना बघावी लागे, कारण या कामाला पैसे देणारा कोणी नव्हता.

शेवटी निघाले काय? लिलिएंथालची कोष्टके त्याच्या पंखापुरती बरीचशी खरी होती. चूक होती ती हवेच्या दाबाच्या एका जुन्या आकड्यात, जो इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून सर्व विद्वान डोळे मिटून वापरीत आले होते. तो आकडा वाजवीपेक्षा दीडपट मोठा होता. शिवाय पंख लांब आणि अरुंद असावा, बाक उथळ असावा आणि कमानीचा माथा मधोमध नसून पुढच्या कडेकडे असावा, हेही दिसून आले. मेलेल्या माणसावरचा आळ या दोघांनी आपल्या तराजूने धुऊन काढला, याचे आम्हांस कौतुक वाटते. विल्बरने आपल्या आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत लिलिएंथालवर आदराचा एक लेख लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो. आम्ही या लेखासाठी वाटूरच्या एका कामठ्यात बाभळीची बारीक पट्टी वाफेवर धरून फासळी वाकवून पाहिली. साच्यात ती छान बसली. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तेव्हा पट्टी बोटभर सरळ झाली होती! लाकूड वाकते खरे, पण मोकळे केले की थोडे परत येते. म्हणून साचा हव्या असलेल्या बाकाहून थोडा अधिक वाकडा घ्यावा लागतो, आणि तो किती हे त्या-त्या लाकडावर ठरते. आमच्यातील एका वृद्ध कारागिरांना हे ठाऊक होते. त्यांनी आम्हांला करू दिले आणि मग हसले. दुसऱ्या खेपेस पट्टी नसेच्या आडवी कापली गेली होती, ती मोडली. तिसरी जमली. विमान करावयाचे तर अशा कित्येक फासळ्या एकसारख्या कराव्या लागतात. एक पंख दुसऱ्याहून बोटभर अधिक बाकदार झाला तर विमान त्या बाजूला कलंडेल. घरी विमान बांधणारे हौशी लोक आज फळीवर पूर्ण मापाचे चित्र काढतात, त्याच्या कडेने ठोकळे ठोकून साचा करतात, बारीक पट्ट्या त्यात बसवितात आणि सांध्यावर प्लायवूडचे तुकडे चिकटवून प्रत्येक फासळी त्याच साच्यातून काढतात. काम साधे दिसते. सुताराला मात्र कळेल की शंभरावी फासळी पहिलीसारखी काढणे ही काय तपश्चर्या आहे.

१९०२ च्या शरदात नव्या मापाच्या यंत्राने सहाशे फुटांहून लांब झेप घेतली आणि दोघांनी मिळून सातशे ते हजार उड्डाणे केली. मागचे सुकाणू फिरते असावे ही सूचना ऑर्व्हिलची. यानंतर त्यात एंजिन बसविणे एवढेच राहिले. कोणताही कारखाना इतके हलके एंजिन देईना, तेव्हा दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर याने सहा आठवड्यांत ते घडविले. विमान ओढणारी पाती त्यांनी स्वतः कोरली. स्प्रूसचे थर एकावर एक चिकटवून, लहान कुऱ्हाडीने आणि दोन हातांनी ओढावयाच्या सुरीने, आठ फुटांहून लांब अशी दोन पाती. पाते हेही फिरता पंख आहे हे त्यांनी ओळखले होते, म्हणून त्याचा बाकही त्याच कोष्टकांवरून काढला.

१९०३ च्या विमानाच्या फासळ्या आधीच्यांहून निराळ्या आहेत. पूर्वी एकच अॅशची पट्टी वाकवून तीवर कापड घालीत. आता पंख दोन्ही बाजूंनी कापडाने मढवावयाचा होता आणि वासा आत झाकावयाचा होता. म्हणून वर एक आणि खाली एक अशा दोन सडपातळ पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये लहान-लहान ठोकळे. वजन जवळजवळ तेवढेच, बळ मात्र कितीतरी अधिक. बाक वीसास एक. कापड साधे न धुतलेले मलमली होते आणि ते तिरपे कापून शिवले होते, म्हणजे कापडाचे सूतच कर्णरेषेच्या ताणाचे काम करील. पंखाची टोके पिळावयाची असल्यामुळे सांगाडा ताठ नव्हता, लवता होता. भक्कम म्हणजे ताठ, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१४ डिसेंबरला नाणेफेक विल्बरने जिंकली. उत्साहाच्या भरात त्याने नाक फार वर उचलले आणि साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूत बसले. दुरुस्तीला दोन दिवस गेले. १७ डिसेंबर १९०३ च्या सकाळी, बोचऱ्या वाऱ्यात, पाच माणसांच्या देखत ऑर्व्हिलने बारा सेकंदांत १२० फूट जाऊन पहिले उड्डाण केले. दुपारी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला आणि ८५२ फूट गेला. थोड्याच वेळाने वाऱ्याच्या एका झोताने उभे यंत्र उलथून टाकले. ते पुन्हा कधी उडाले नाही. याच महिन्यात, नऊ दिवस आधी, प्राध्यापक लँग्ली यांचे सरकारी द्रव्याने बांधलेले यंत्र पोटोमॅक नदीत कोसळले होते. त्यासाठी लष्कराने पन्नास हजार डॉलर दिले होते. भावांचा एकूण खर्च हजार डॉलरांच्या आत होता.

येथे आम्हांस अपेक्षित असलेल्या एका आक्षेपाचे उत्तर देतो. मुंबईत शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्येच चौपाटीवर विमान उडविले, मग हे परके चरित्र कशास, असे कोणी म्हणेल. पाठारे प्रभू समाजातील तळपदे हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते आणि त्यांच्या खटपटीबद्दल आम्हांस आदर आहे. पण त्या उड्डाणाचा तत्कालीन खात्रीलायक पुरावा पुढे आलेला नाही. प्राचीन विमानविद्येचा म्हणून जो वैमानिक शास्त्र ग्रंथ दाखविला जातो त्याची परीक्षा १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी केली आणि तो विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत असा निर्णय दिला. हीच गोष्ट आम्ही स्वतः मागे एका संमेलनाच्या व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगितली होती, हे येथे कबूल करतो. मराठी माणसाला विमानविद्येत अभिमान धरावयाचा तर कोल्हापूरकडील हसूरचंपूचे डॉ. विष्णु माधव घाटगे आहेत. जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या गृहस्थांनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जे पहिले इंजिनरहित विमान आखले, ते लाकडाचेच होते. पुढे १९५१ मध्ये त्यांचे एचटी-२ हे शिकाऊ विमान उडाले. त्यांचे चरित्र पुढील अंकात देण्याचा विचार आहे.

विल्बरकडे परत येऊ. १९०५ च्या ५ ऑक्टोबरला डेटनजवळच्या कुरणात त्याने ३९ मिनिटे घिरट्या घालून २४ मैल अंतर तोडले. मग दोघांनी उडणे थांबविले, कारण पेटंट व विक्रीचा करार हाती येईपर्यंत यंत्र कोणाला दिसू नये असे त्यांना वाटे. जग त्यांना थापाडे म्हणू लागले. १९०८ च्या उन्हाळ्यात विल्बर फ्रान्समध्ये ल मान्स येथे गेला. पेट्या उघडतो तो आत बऱ्याच फासळ्या मोडलेल्या, कापड फाटलेले! त्याने संतापून धाकट्या भावाला पत्र लिहिले, की तू सामान नीट बांधले नाहीस. पुढे कळले की हा प्रताप जकातीच्या अधिकाऱ्यांचा होता. भाऊभाऊ एकत्र काम करतात तेथे असे होतेच. पण हे पत्र त्याने एक दिवस उशिरा लिहिले असते तर बरे झाले असते, असे वाटते. मोटारींच्या कारखान्यात उसनी जागा घेऊन, तेथील भोंग्याबरोबर येऊन भोंग्याबरोबर जात, बरेचसे काम एकट्याच्या हातांनी करीत त्याने विमान पुन्हा उभे केले. मध्येच एंजिनाच्या उकळत्या पाण्याने त्याचा हात भाजला. ८ ऑगस्टला दोन मिनिटांहून कमी वेळ तो उडाला आणि फ्रान्समधले टीकाकार एका संध्याकाळीत गप्प झाले. तो विमानाशेजारी, त्याच छपरात, स्वयंपाक करून राही. वर्षाच्या अखेरच्या दिवशी तो दोन तास वीस मिनिटे हवेत होता.

कीर्ती आली, राजेरजवाडे भेटले, पैसा आला. त्याबरोबर खटलेही आले. आपल्या पंख पिळण्याच्या युक्तीवर दोघांचा हक्क होता, याबद्दल दुमत नाही. परंतु ग्लेन कर्टिस आदींविरुद्धच्या दाव्यांत विल्बरची शेवटची तीन वर्षे कोर्टकचेऱ्यांत आणि वकिलांच्या खोल्यांत गेली. पंखाचा बाक ज्याने इतक्या शांतपणे मोजला, त्याच्या हाती त्या काळात नवा बाक मोजण्याची सवड उरली नाही. निकाल बाजूने लागला तो १९१४ साली, आणि तो ऐकावयास विल्बर नव्हता. १९१२ च्या एप्रिल अखेरीस प्रवासात त्याला ताप भरला. तो विषमज्वर निघाला आणि ३० मे १९१२ रोजी पहाटे, वयाच्या ४५ व्या वर्षी, डेटनच्या घरी वृद्ध पित्याच्या देखत त्याने प्राण सोडला. दोघाही भावांनी लग्न केले नव्हते.

त्याच्या दोन वर्षे आधीची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. दोघांनी एकाच विमानात एकत्र उडावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. अपघात झाला तर काम पुढे चालविण्यास एक तरी उरावा. २५ मे १९१० रोजी पित्याच्या परवानगीने ते एकदाच, सहा मिनिटे, एकत्र बसले. त्यानंतर ऑर्व्हिलने एक्याऐंशी वर्षांच्या पित्याला वर नेले. म्हातारबुवा घाबरले नाहीत. उलट मुलाच्या कानाशी वाकून आणखी वर ने, असे सांगत राहिले.

१९०३ चे ते विमान पेट्यांत भरून डेटनच्या दुकानामागे पडून होते. मार्च १९१३ च्या महापुरात पेट्या पाण्याखाली गेल्या आणि चिखलाने माखल्या. ऑर्व्हिलने त्या १९१६ मध्ये उघडल्या, मोडलेले तेवढे बदलले आणि यंत्र जोडून प्रदर्शनास दिले. स्मिथसोनियन संस्थेशी झालेल्या वादामुळे त्याने ते १९२८ मध्ये लंडनला पाठविले. ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ रोजी वारला आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात मांडले गेले. जुलै १९६९ मध्ये मनुष्य प्रथम चंद्रावर उतरला तेव्हा त्या विमानाच्या डाव्या पंखाचे थोडे कापड आणि कुऱ्हाडीने व सुरीने कोरलेल्या डाव्या पात्याच्या लाकडाचा एक तुकडा तेथे नेला होता. तो परत आणून पुन्हा किटी हॉकच्या परिसरात ठेवलेला आहे.